लाल टोपणाची सिरिंज आणि पेनातलं इन्सुलिन

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. सासरे ७८ वर्षांचे, मधुमेह जुना, दीड महिन्यापूर्वी उजव्या बाजूला अर्धांगवायूचा झटका आला. नाकातून नळी आणि लघवीची पिशवी घेऊन ते शनिवारी संध्याकाळी दादरच्या घरी आले. घरी नर्स-मावशी पुरवणाऱ्या ब्युरोने दिवसपाळीला एक मावशी (पेशंट सांभाळणाऱ्या बाई) दिल्या, रात्री तुम्ही आणि मिस्टर आलटून पालटून जागत होतात. नवव्या दिवशी, रविवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास ते घामाने भिजले, हाक मारली तर ओ देईनात, मशीनवर शुगर ३८. हॉस्पिटलात शिरेतून ग्लुकोज दिल्यावर शुद्धीवर आले. ब्युरोवाले म्हणतात, घरच्यांनी फीड (नळीतून द्यायचं पातळ अन्न) उशिरा दिलं. तुम्हाला वाटतं मावशींनीच काहीतरी केलं, म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांना बदललंत. आता तुम्ही विचारताय की चूक कोणाची, परत असं होऊ नये म्हणून काय करायचं, आणि कॅमेरा लावावा की सरळ, घरीच आयसीयूसारखी व्यवस्था करून देणारं ‘आयसीयू अॅट होम’ घ्यावं.

मी ११ वर्षं महापालिकेच्या हॉस्पिटलात वॉर्डात काम केलं आणि गेली १६ वर्षं घरोघरी जाणाऱ्या नर्सेस आणि मावशींवर देखरेख करते. या अनुभवावरून सांगते, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच एका वाक्यात आहे. इन्सुलिनच्या पेनबद्दल (आकडा फिरवून टोचायचं, पेनासारखं दिसणारं उपकरण) तुम्ही ओघात लिहून गेलात: ‘पेनच्या सुया संपल्या होत्या म्हणून मावशींनी घरातल्या जुन्या सिरिंजने पेनमधलंच इन्सुलिन दिलं, पण बरोबर १६ युनिटच दिलं, मी स्वतः बघितलं.’

ती जुनी सिरिंज लाल टोपणाची होती का? सासरे पूर्वी बाटलीतलं इन्सुलिन घेत होते असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे बहुतेक असणारच. आता नीट बघा. आपल्याकडे बाटलीत मिळणारं नेहमीचं इन्सुलिन एका मिलीला ४० युनिट या ताकदीचं असतं. लाल टोपणाची सिरिंज त्याच बाटलीसाठी बनवलेली, तिच्यावरच्या रेघा त्याच हिशेबाने मारलेल्या. पेनच्या आत बसणाऱ्या कार्ट्रिजमधलं इन्सुलिन मात्र सहसा एका मिलीला १०० युनिट असतं. लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये १६ च्या रेघेपर्यंत द्रव भरला की तो ०.४ मिली होतो. बाटलीतला असेल तर ते १६ युनिट. कार्ट्रिजमधला असेल तर तेच ४० युनिट झाले. अडीचपट. रेघ बरोबर, आकडा बरोबर, मावशींचा हात बरोबर, तुमची नजर बरोबर, आणि तरी डोस अडीचपट.

मी तिथे नव्हते, तेव्हा खात्री तुम्हालाच करायची आहे. पण तुम्ही सांगितलेल्या वेळा यात बसतात. साडेसातला इन्सुलिन, नळी अडकली म्हणून फीड पाऊण तास उशिरा, साडेदहाला शुगर ३८. फक्त पाऊण तासाच्या उशिराने शुगर खाली येऊ शकते, नाही असं नाही. पण ३८ वर जाऊन माणूस बेशुद्ध पडला, त्यामागे मला हा जास्तीचा डोसच दिसतो. फॉलोअपला जाल तेव्हा डॉक्टरांना ही सिरिंजची गोष्ट जरूर सांगा. त्यांना ती माहीत नसेल तर ते १६ चा डोसच जास्त झाला असं समजून कमी करतील, आणि मग शुगर दुसऱ्या टोकाला जाईल.

आता चूक कोणाची. हॉस्पिटलने बाटलीवरून पेनवर आणलं, पण घरातल्या जुन्या सिरिंजा फेकून द्या असं कोणी सांगितलं नाही. मेडिक्लेमची मंजुरी संध्याकाळी आली, डिस्चार्ज सातला झाला, ड्यूटी संपवून निघालेल्या सिस्टरने पाच मिनिटांत १४ औषधं समजावली. मुंबईत पुष्कळ डिस्चार्ज असेच होतात. पेनच्या सुया किती दिवस पुरतील हे कोणी मोजलं नाही. रविवारी खालच्या मेडिकलमध्ये त्या मिळाल्या नाहीत. ब्युरोने इन्सुलिनवरच्या, नळीवरच्या पेशंटकडे नर्स न पाठवता मावशी पाठवली, आणि तिला इंजेक्शन देता येतं का हे तुम्हीही विचारलं नाही. एवढ्या सगळ्या हातांतून ही गोष्ट गेली, आणि शिक्षा झाली ती शेवटच्या हाताला. मावशी गेल्या, पण लाल टोपणाच्या सिरिंजा तुमच्या कपाटात अजून आहेत. उद्या नवीन मावशींकडूनही हेच होईल, तुमच्याकडूनही होईल.

शेवटच्या हाताला शिक्षा केली की काय होतं, हे मला एका वेगळ्याच प्रसंगातून कळलं, आणि ते मला आजही सलतं. या कामातलं माझं तिसरं वर्ष. लालबागच्या एका चाळीत, दहा बाय पंधराच्या खोलीत एक आजोबा होते. त्यांनाही नाकातली नळी होती. आमच्या मावशी त्यांच्याकडे सहा आठवडे होत्या, कामाला चोख. एके दिवशी आजोबांना ताप भरला, छाती घरघरू लागली, न्यूमोनिया झाला, हॉस्पिटलात १२ दिवस काढावे लागले. मी चौकशीला गेले, मावशी म्हणाल्या, काहीच झालं नाही. वहीतही काही नाही. तीन महिन्यांनी दुसऱ्या घरी भेटल्या तेव्हा रडत सांगितलं: त्या दिवशी अंघोळ घालताना नळी चार बोटं बाहेर आली होती. त्यांनी ती तशीच आत सरकवली, चिकटपट्टी बदलली आणि दुपारचं फीड दिलं. मी विचारलं, तेव्हाच फोन का नाही केला? त्या म्हणाल्या, ‘सिस्टर, मागच्या महिन्यात संगीताने लघवीची नळी (कॅथेटर) निघाल्याचं सांगितलं तर तुम्ही तिला दुसऱ्या दिवशी ड्यूटी न देता घरी बसवून ठेवलंत.’ खरं होतं. मीच बसवून ठेवलं होतं. पेशंटच्या घरच्यांनी आरडाओरडा केला, मला त्यांना शांत करायचं होतं, आणि मी सगळ्यात सोपं ते केलं. त्याची किंमत लालबागच्या आजोबांनी मोजली.

त्या दिवसापासून मी एक नियम केला. जी बाई ‘माझ्याकडून हे झालं’ म्हणून आपणहून फोन करेल, तिची त्या कारणासाठी ड्यूटी जाणार नाही. लपवलं तर जाईल. पहिल्या वर्षात माझ्याकडे येणारे फोन एवढे वाढले की मला वाटलं आमचं काम बिघडलं. काम बिघडलं नव्हतं. आतापर्यंत जे दडत होतं ते कानावर यायला लागलं होतं.

कॅनडात २०१३ साली घरच्या शुश्रूषेवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तीन प्रांतांतल्या १,२०० पेशंटच्या नोंदी पानं उलटून तपासल्या. दहातल्या एकाला उपचारांमुळे किंवा देखभालीतल्या त्रुटीमुळे काही ना काही इजा झालेली निघाली, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त इजा टाळता येण्यासारख्या होत्या. पडणं, जखमेत पू होणं, औषधांच्या चुका, हीच नेहमीची कारणं. मला त्यात सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे की तिथे उलटायला पानं तरी होती. आपल्याकडे घरातल्या पेशंटच्या नोंदी म्हणजे फ्रीजवर लावलेलं डिस्चार्ज कार्ड आणि व्हॉट्सअॅपवर ‘फीड दिलं’ एवढंच. घरी काय घडतं ते मोजायची सोयच नाही.

म्हणून तुम्हाला पहिली गोष्ट सांगते ती वहीची. दोनशे पानी लांब वही आणा, दोरीने पलंगाला बांधा, लिहायचं पेनही तिलाच बांधा. रोज एक पान. वेळ, काय दिलं, किती दिलं, कोणी दिलं. इन्सुलिनच्या आधीची शुगर. पिशवीतली लघवी किती आणि कशा रंगाची. शौचाला झाली का. कुशी कधी बदलली आणि कोणत्या बाजूला. मावशींना लिहिता येत नसेल किंवा हिंदीतच येत असेल तर हिंदीत लिहू देत, खुणा करू देत. आणि तीच वही उलटी करून मागच्या बाजूने वेगळी सुरू करा: ‘होता होता राहिलं’. नळीला हिसका बसला, गोळी चुकीच्या डबीतून काढली पण देण्याआधी लक्षात आलं, पाय घसरला पण धरलं. नाव लिहायचं नाही, फक्त काय झालं ते. तुम्ही स्वतः पहिली नोंद करा, तुमच्या हातून झालेली. ते बघितल्यावरच मावशी लिहितील. मी हे ज्या ज्या घरांत सुरू करून दिलं तिथे महिनाभरात मागची बाजू चार-पाच पानं भरली, आणि त्या नोंदींवरूनच पलंग सरकवला गेला, डब्यांवर रंग लागले, कुठे रात्रीचा दिवा बदलला.

आता इन्सुलिनपुरतं ठाम सांगते. पेनच्या कार्ट्रिजमधून सिरिंजने इन्सुलिन कधीही काढायचं नाही, अडीअडचणीलाही नाही. सुया संपल्या तर डॉक्टरांना फोन करा, ते काय करायचं ते सांगतील. बाटली वापरत असाल तर तिच्यावरचा आकडाही वाचा, काही प्रकारचं इन्सुलिन बाटलीतही १०० चं येतं आणि त्याची सिरिंज नारिंगी टोपणाची असते. घरात एकच प्रकार ठेवा, बाकी सगळं घराबाहेर. पेनवर आकडा फिरवायचा तो घरच्या माणसाने, आणि टोचण्याआधी दुसऱ्याने मोठ्याने वाचायचा. क्रम असा: शुगर बघायची, नळीतून थोडं पाणी घालून ती चालू आहे ना ते बघायचं, फीड वाटीत तयार ठेवायचं, आणि मगच सुई. तुमच्याकडे सुई आधी झाली आणि नळी अडकलेली नंतर कळली. किती शुगरच्या खाली इन्सुलिन द्यायचं नाही हा आकडा डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

शुगर ७० च्या खाली आली आणि ते शुद्धीवर असतील तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून नळीतून द्या, १५ मिनिटांनी परत तपासा, तरी कमी असेल तर पुन्हा तेवढीच द्या, वर आली की फीड. ओ देत नसतील तर तोंडात काहीही घालायचं नाही, साखर नाही, मध नाही, पाणी नाही. एका कुशीवर वळवा, डोकं-छाती थोडी उंच ठेवा, १०८ ला फोन लावा. नळी जागेवर असल्याची पक्की खात्री असेल तरच गाडी येईपर्यंत त्यातून साखरेचं पाणी. आणि जास्तीचा डोस गेल्याचं कळलं तर एकदा शुगर वर आली म्हणून निश्चिंत होऊ नका. इन्सुलिन तासन्‌तास काम करत राहतं, शुगर पुन्हा खाली येते.

नळीबद्दल थोडं विस्ताराने लिहिते, कारण तुमच्या घरात इन्सुलिननंतरचा मोठा धोका तोच आहे. नाकपुडीपाशी नळीवर जिथे ती बाहेर पडते तिथे मार्कर पेनने खूण करून घ्या. प्रत्येक फीडच्या आधी ती खूण नाकपुडीपाशीच आहे का बघायचं. खूण बाहेर आलेली दिसली तर फीड थांबवायचं, नळी आत ढकलायची नाही, चिकटपट्टी लावून वेळ मारून न्यायची नाही, नर्सला बोलवायचं. पुष्कळ जणांना शिकवलेलं असतं की सिरिंजने हवा मारून पोटावर स्टेथोस्कोप लावला आणि गुडगुड ऐकू आली की झालं. नळी चुकीच्या जागी असतानाही तसा आवाज येऊ शकतो, त्याच्यावर विसंबू नका. फीड देताना पाठ ३० ते ४५ अंश उचललेली हवी आणि नंतर निदान अर्धा-पाऊण तास तशीच. फीड देता देता खोकला आला, धाप लागली, ओठ काळसर दिसले तर तिथेच थांबा.

आणि एक गोष्ट, जी सांगताना मला नेहमी जड जातं. अर्धांगवायूनंतर गिळायची ताकद गेलेल्या माणसाला प्रेमापोटी दिलेला घास फुप्फुसात जातो. नुसता ठसका लागला तर निदान कळतं. कित्येकांना ठसकाही लागत नाही, तिसऱ्या दिवशी ताप येतो. चतुर्थीला नैवेद्याचा मोदक झाल्यावर ‘जिभेला नुसतं लावते’ म्हणून आजीने दिलेला कणभर मोदक, भेटायला आलेल्या भावाने पाजलेला चहा, तुळशीचं तीर्थ. हे करणाऱ्याला मी कधी रागावले नाही, कारण त्या घरात तेवढाच आपलेपणा उरलेला असतो. पण ओठ आणि जीभ ओल्या कापसाने पुसून द्या, ओठांना तूप लावा, आणि दारावर पाहुण्यांसाठी चार शब्द लिहून लावा: बाबांना तोंडाने काही देऊ नका. पुन्हा गिळता येतंय का हे तपासून देणारे स्पीच थेरपिस्ट असतात, मोठ्या हॉस्पिटलांत तो विभाग असतो. दोन-तीन आठवड्यांनी नक्की दाखवा, पुष्कळांची नळी निघते.

गोळ्यांची पिशवी एकदा जमिनीवर ओता. झटका यायच्या आधीच्या आणि नंतरच्या, सगळ्या. प्रत्येक पाकिटावर कंपनीच्या नावाखाली बारीक अक्षरात मूळ औषधाचं नाव असतं, ते कागदावर उतरवा. एकच औषध दोन नावांनी दोनदा चाललेलं मी इतक्या वेळा बघितलंय, विशेषतः ब्लडप्रेशरचं. जुनी गोळी ‘नेहमीची’ म्हणून चालू राहते आणि हॉस्पिटलची ‘नवीन’ म्हणून सुरू होते, आणि मग पलंगावरून उठवताना माणूस डोळे फिरवतो. कागद घेऊन डॉक्टरांसमोर बसा आणि बंद करायच्या गोळ्या घरातून बाहेर काढा. संधिवाताची मेथोट्रेक्सेटसारखी गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, ती रोज दिली गेली तर जीव जाऊ शकतो. अशी काही घरात कोणाची असेल तर तिच्यावर वार लिहून ठेवा. नळीतून देताना सगळ्याच गोळ्या कुटून चालत नाहीत. नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर किंवा सीआर लिहिलेली गोळी दिवसभर हळूहळू सुटावी म्हणून बनवलेली असते. ती खलात कुटली की दिवसभराचं औषध एकदम पोटात जातं. त्याऐवजी दुसरा प्रकार लिहून घ्यावा लागतो. एखाद्या औषधाने विचित्र त्रास झाला अशी शंका आली तर सरकारची १८००-१८०-३०२४ ही मोफत लाइन आहे, पेशंटचे नातेवाईकही कळवू शकतात.

पाठीचं लिहिते आता. दीड महिना पडून असलेल्या माणसाला रोज एकदा पूर्ण कुशीवर वळवा आणि माकडहाड, दोन्ही खुबे, टाचा, घोटे, डोक्याची मागची बाजू उजेडात बघा. लालसर डाग दिसला तर बोटाने दाबा. बोट उचलल्यावर क्षणभर फिका पडून परत लाल झाला तर अजून वेळ आहे. दाबूनही रंग बदलत नसेल तर तो बेडसोर सुरू झालेला आहे, वरून कातडी शाबूत दिसली तरी. आपल्या सावळ्या रंगावर लाली कळत नाही. तिथे जांभळट छटा, भोवतीपेक्षा गरम किंवा घट्ट लागणारी जागा हीच खूण. दर दोन तासांनी कूस बदलायला पर्याय नाही. हवेची गादी आणली म्हणून कूस बदलायचं थांबवलेली घरं मी रोज बघते. शिवाय गादीवर आधी मेणकापड, त्यावर घडी घातलेली चादर, त्यावर डायपरचं पॅड असे थर चढवले की हवेच्या गादीचा उपयोगच संपतो. दिवसातून दोनदा हात घालून बघा, गादी फुगलेली आहे ना. पंपाची वायर कोणीतरी मोबाइल चार्ज करायला काढलेली असते. लाल झालेल्या जागी तेल चोळायचं नाही, खालची कातडी त्याने आणखी फाटते. मधे भोक असलेल्या गोल उशा वापरायच्या नाहीत. मे महिन्याचा मुंबईचा घाम आणि ओला डायपर एकत्र आले की कातडी दोन दिवसांत सुटते, त्यामुळे डायपर ओला झाला की बदलायचा, ‘अजून भरला नाही’ म्हणून ठेवायचा नाही.

लघवीची पिशवी कायम कमरेच्या खाली, पण जमिनीला टेकलेली नको. पलंगावरून उचलताना पोटावर ठेवली जाते, तेव्हा लघवी मागे फिरते. दोन-तृतीयांश भरली की रिकामी करा. चार तासांत थेंब आला नाही, पोट फुगलं, किंवा नळीच्या बाजूने गळायला लागलं तर त्याच दिवशी नर्स. ते हिसका मारून ओढत असतील तर नळी मांडीला चिकटवून ठेवा, आत फुगा असतो, ओढली की रक्त येतं.

पडण्याबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण थोडी ताकद आली की ते उठायला बघतील, आणि ते रात्री दोन-तीनच्या सुमाराला. पलंगाला कठडे लावून बांधून ठेवल्यासारखं करू नका. कठड्यावरून चढून पडलेला माणूस जास्त उंचावरून पडतो. पलंग जेवढा खाली येईल तेवढा खाली, चाकांचे ब्रेक लावलेले, मोरीच्या वाटेवर दिवा.

आता तुमचे दोन प्रश्न. कॅमेरा मी लावू नका म्हणेन. त्या रविवारी कॅमेरा असता तर त्यात एक बाई नीट हात धुऊन इन्सुलिन देताना दिसली असती. सिरिंजवरची रेघ त्यात दिसत नाही. आणि तुमच्या सासऱ्यांचं अंग पुसणं, डायपर बदलणं दिवसभर कोणाच्या तरी मोबाइलवर दिसत राहणं त्यांना चाललं असतं का, हे त्यांच्याकडे बघून ठरवा. ‘आयसीयू अॅट होम’ ज्यांच्या गळ्यात श्वासाची नळी आहे, व्हेंटिलेटर आहे त्यांच्यासाठी. तुमच्याकडे तेवढ्याची गरज नाही. तुम्हाला पाहिजे ती आठवड्यातून दोनदा येणारी, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी असलेली नर्स (एएनएम किंवा जीएनएम हा नर्सिंगचा कोर्स केलेली), जी नळी, कॅथेटर, पाठ बघेल आणि वही वाचेल. नोंदणीचं प्रमाणपत्र बघायला मागा, त्यात संकोच वाटायचं कारण नाही. ब्युरोला लेखी विचारा: तुमच्या मावशींनी कोणती कामं करायची नाहीत? इंजेक्शन, नळी घालणं-काढणं, सक्शन (यंत्राने कफ ओढून काढणं) ही मावशींची कामं नव्हेत. हे ठरवून न देता तिला घरात सोडणं आणि मग तिच्याकडून चूक झाली म्हणणं हे मला अजिबात पटत नाही.

मावशींच्या थकव्याचाही विचार करा. बहुतेक जणी दिव्याहून, विरारहून, बदलापूरहून येतात. पहाटे साडेचारला उठून स्वतःच्या घरचा डबा करून, गर्दीत उभ्याने येऊन त्या सकाळीच तुमच्या दारात असतात. त्यात बदली आली नाही की तीच बाई रात्रीही थांबते. सलग २४ तास जागलेल्या माणसाच्या हातात सिरिंज देऊ नये, मग ती मावशी असो की तुम्ही. त्यांना दुपारी अर्धा तास आडवं व्हायला जागा द्या, आणि रात्रीची मावशी असेल तर तिची सलग चार तास झोप होईल अशी पाळी तुम्ही घरात लावा.

पाऊसही लक्षात असू द्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मी वॉर्डात होते, बदलीची सिस्टर दुसऱ्या दिवशी दुपारी पोचली. घरी पेशंट असलेल्यांचं त्या रात्री काय झालं असेल हे मला तेव्हा सुचलंही नव्हतं. आता दर जूनला सुचतं. ट्रेन बंद पडली की मावशी येणार नाही, म्हणून नळीतून फीड देणं, पिशवी रिकामी करणं, कूस बदलणं आणि शुगर बघणं घरातल्या दोघांना तरी आलंच पाहिजे. औषधं, फीड, डायपर, पेनच्या सुया आठवड्याच्या जास्तीच्या ठेवा. वीज जात नाही या भरवशावरही राहू नका, १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी सगळी मुंबई बंद पडली होती. तुमच्याकडे ऑक्सिजनचं मशीन नाही, पण ज्यांच्याकडे आहे त्यांनी भरलेला सिलिंडर घरात ठेवलाच पाहिजे, आणि तो देवघरातल्या समईपासून आणि गॅसपासून लांब.

तुमची बिल्डिंग जुनी आहे असं लिहिलंत. लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतं का, ते आजच मोजा. दादर-परळच्या जुन्या बिल्डिंगीत बहुधा मावत नाही, आणि ते कळतं तेव्हा अँब्युलन्स खाली उभी असते. हातांची मजबूत खुर्ची आणि दोन चादरी दारामागे ठेवा, वॉचमनचा आणि खालच्या दोन तरुण मुलांचा नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

सुया प्लॅस्टिकच्या जाड डब्यात टाका, टोपण परत लावत बसू नका. कचऱ्याच्या पिशवीतून सफाई करणाऱ्या माणसाच्या हाताला लागलेल्या सुया मी वॉर्डात असताना पुष्कळ बघितल्यात.

सगळ्यात आधी मात्र आज संध्याकाळी हे करा. फ्रीजमधलं कार्ट्रिज काढून त्यावरचा आकडा वाचा, कपाटातल्या सिरिंजांच्या टोपणांचा रंग बघा. मग त्या पहिल्या मावशींना फोन लावा. जाब विचारायला नको. ‘ती सिरिंज चुकीची होती, आम्हालाही कळलं नाही, त्या सकाळी नेमकं काय काय झालं ते सांगा,’ एवढंच विचारा. नळी किती वेळ अडकली होती, घाम कधी सुटला, त्यांनी कोणाला हाक मारली, हे फक्त त्यांनाच माहीत आहे. आणि परत यायला तयार असतील तर बोलवा. नऊ दिवसांत सासऱ्यांची सवय त्यांना झालेली आहे.